आजचे टोमॅटो, उद्याचे टोमॅटो

"नुसती उभी राहती बघ! हात लावला तर काय इंगळी डसल का हिला? मीच निवडायचं, मीच तोलायचं, मीच पिशवीत घालायचं. उद्या म्हनल, शिजवून पन दे."

मित्रांनो, ही कुरकुर अगदी माझ्या कानाशी झाली. मला कान नाहीत हे खरं, पण कुरकुर करणाऱ्या ठमाबाईच्या तोंडापासून मी वीतभर अंतरावर लटकत होते. ज्या गिऱ्हाइकाबद्दल ती बोलत होती ते समोरच उभं होतं, आणि त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. म्हणून तर कुरकुर एवढी मोकळी होती.

मी एक जुनी तागडी आहे. लोखंडाची दांडी, पितळेची दोन पारडी, त्यांना बांधलेल्या साखळ्या आणि मधोमध एक काटा, एवढाच माझा जीव. माझी पारडी भद्रकालीतल्या एका तांबटाने ठोकली. त्याच्या दुकानात माझ्यासारख्या पुष्कळ होत्या, पण नवसाबाईने मलाच उचललं. तिने पारड्यावर टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाली, "ही बोलती." तेव्हापासून मी बोलतेच आहे. ऐकणारे कमी.

नवसाबाई म्हणजे ठमाबाईची सासू. तेव्हा गंगापूर रोडला इमारती कमी आणि पेरूच्या बागा जास्त होत्या. एका वळणावर गोणपाट अंथरून नवसाबाई भाजी विकायची. लोक म्हणायचे, मावशीची तागडी खोटं बोलत नाही. हे ऐकून माझा काटा मधोमध असूनही जरासा ताठ व्हायचा.

पुढे नवसाबाईच्या डोळ्यांत पांढरं आलं. घरच्यांनी तिचं बसणं बंद केलं. त्या काळी एवढाच इलाज ठाऊक होता. ठमाबाई तिच्या जागी बसू लागली. नवसाबाई घरात भिंतीकडे तोंड करून मेथी निवडत राहायची. संध्याकाळी ठमाबाई घरी आली की म्हातारी आधी मला मागून घ्यायची, मांडीवर ठेवून चाचपायची आणि विचारायची, "आज कोन कोन आलं व्हतं?" ठमाबाई दमलेली असायची. "येनारे आले," एवढंच म्हणून ती चुलीकडे वळायची. मग म्हातारीने विचारणंही सोडलं. पुढे ती गेली. ठमाबाई त्याबद्दल कधी बोलली नाही. पण तागडी हातात धरणारा माणूस कशाला घाबरतो, हे तागडीला कळतं.

तर ते गिऱ्हाईक. गोरी, पन्नाशीची, डोक्याला रुमाल, खांद्याला कापडी पिशवी. आली, हसली आणि हात मागे बांधून उभी राहिली. ठमाबाईने भेंडी दाखवली. तिने मान हलवली, पण हात पुढे केला नाही.

शेजारी आलं-लसूण-लिंबं घेऊन खलीलभाई बसतात. त्यांना थोडं इंग्रजी येतं, निदान तसं ते सांगतात. चार शब्द आणि पुष्कळ हातवारे करून त्यांनी माहिती काढली.

"ठमाबाई, नाव ब्रूना. इटलीची आहे. नवरा अंबडला कंपनीत मशीन बसवायला आलाय. दोन-तीन साल इथेच राहणार."

"इटली म्हंजे कुठं? दुबईच्या पल्याड का?"

"दुबई येते, मग अजून त्याच्या दुप्पट जायचं."

"अगं बाई! एवढ्या लांबून आली आन् भेंडीला हात लावंना?"

त्यामागचं कारण मलाही जाणून घ्यायचं होतं. आमच्याकडे गिऱ्हाईक म्हणजे काय, ते मी जन्मभर पाहत आले. भेंडीचं शेपूट मोडायचं, दुधीला नख लावायचं, वाटाण्याची शेंग सोलून दाणे तोंडात टाकायचे, आणि मग "महाग लावताय हं मावशी," म्हणून पुढच्या गाडीकडे निघायचं. ही बाई मात्र देवळात उभी राहावी तशी उभी.

एके दिवशी उलगडा झाला. ब्रूनाने टोमॅटोकडे हात नेला आणि स्वतःच दुसऱ्या हाताने त्याच्यावर चापट मारली. मग कमरेवर हात ठेवून, भुवया चढवून, रागावलेल्या भाजीवाल्याची अशी हुबेहूब नक्कल केली की खलीलभाईंच्या हातातली लिंबं सांडली. तिच्या गावी दुकानातल्या भाजीला गिऱ्हाइकाने हात लावायचा नसतो. जो विकतो तोच निवडून देतो.

"म्हंजे तिकडं गिऱ्हाईक गप उभं राहतं?" ठमाबाईने विचारलं. "देवा, मला तिकडंच बसव की रं!"

पण मित्रांनो, त्या दिवसापासून एक गंमत झाली. निवडण्याची जबाबदारी आपली आहे म्हटल्यावर ठमाबाई निवडू लागली. वांगं फिरवून फिरवून पाहायची. गवार मोडून चव घ्यायची. जे स्वतःच्या घरी नेलं नसतं ते ब्रूनाच्या पारड्यात पडत नसे. दुसऱ्या बायकांनी कितीही उलथापालथ केली तरी त्यांना जे मिळायचं नाही, ते हात न लावणारीला मिळू लागलं.

मग टोमॅटोची भानगड निघाली. ब्रूनाने एक बोट जमिनीकडे रोखलं, मग हात खांद्यावरून पुढे फेकला. पुन्हा जमिनीकडे, पुन्हा पुढे. ठमाबाईला वाटलं, हिला लचक भरली. खलीलभाईंनी अर्थ लावला, "विचारते, आज खायचे कुठले आणि उद्या खायचे कुठले. आजचे वेगळे द्या, उद्याचे वेगळे द्या."

ठमाबाई थबकली. इतकी वर्षं टोमॅटो विकले, पण हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. तिने ढीग समोर ओढला. लालबुंद ते आजचे. देठापाशी हिरवट राहिलेले ते उद्याचे. दोन्ही वेगवेगळे तोलले आणि वेगवेगळे बांधून दिले. ब्रूनाने तिच्या गालाला हात लावला. भर रस्त्यात! ठमाबाई लाजली आणि रागावल्यासारखं करून म्हणाली, "चल, हो पुढं."

ते खूळ मग ठमाबाईच्या डोक्यातच बसलं. जो येईल त्याला विचारायची, "आजला का उद्याला?" बंगल्यांतल्या बायका गोंधळून बघायच्या. एक म्हणाली, "मावशी, आमच्याकडे फ्रिज आहे." ठमाबाई म्हणाली, "त्यो काय टोमॅटो पिकवतो व्हय?"

ब्रूना रोज येऊ लागली. पावशेर हे, अर्धा किलो ते. एवढ्याशा भाजीसाठी रोज कशाला येते, हे मला आधी कळेना. तिच्या इमारतीतले लोक मोबाईलवर भाजी मागवतात. हळूहळू उमगलं, भाजी तर मिळतेच, पण ती निवडताना कुणीतरी आपल्याशी बोलतं, ते मोबाईलमधून येत नाही. नवरा दिवसभर कंपनीत. परक्या गावात सकाळ फार मोठी असते.

चुकाही पुष्कळ केल्या तिने. शेवग्याच्या शेंगा नेल्या आणि सालासकट चावल्या. दुसऱ्या दिवशी गाल धरून आली. ठमाबाईने एक कच्ची शेंग उचलून, दातांत धरून, गर ओढून, चोथा थुंकण्याचं नाटक करून दाखवलं. समोर रिक्षा थांबवून दोन माणसं बघत राहिली. ब्रूनानेही कमी केलं नाही. तिने भोपळ्याची फुलं मागितली. ठमाबाईला वाटलं, देवाला हवी असतील. गिरणारे गावाच्या बाजूला तिच्या बहिणीचं शेत आहे, तिथून मागवून दिली. दुसऱ्या दिवशी ब्रूनाने तीच फुलं पिठात बुडवून, तळून डब्यात आणली. ठमाबाई आणि खलीलभाई दोघांनी मिळून डबा चाटून पुसून परत केला.

मराठी ती फक्त ठमाबाईकडून शिकली, त्यामुळे ठमाबाईसारखीच बोलायची. "काय म्हनती?" "लय झालं, बास." "खलीलभाई गप." बंगल्यांतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. ठमाबाई त्यांच्यावर डोळे वटारायची.

सगळं असं छान चाललेलं असताना माझ्यावर संक्रांत आली. ठमाबाईचा मुलगा वाल्मीक एक इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन आला. चपटा डबा, त्यावर लाल आकडे. "आई, आता हात वर धरून बसायचं काम नाही." खरं होतं ते. मला गोणपाटाखाली सरकवलं. माझ्या एका पारड्यात खलीलभाई लसणाची सालं टाकू लागले. मित्रांनो, पितळ हिरवं पडतं ते हवेने, असं म्हणतात. मला वाटतं, ते रिकामपणानेही पडत असावं.

पण गेल्या दिवाळीनंतर एके सकाळी ठमाबाईने मला बाहेर काढलं. पदराने पुसलं, साखळ्यांचा गुंता सोडवला. "त्या डब्याला काय कळत नाय. दर टायमाला येगळंच सांगतो," म्हणाली आणि तो चकचकीत डबा पिशवीत टाकून दिला. मी किती फुगले म्हणून सांगू! शेवटी खऱ्याची किंमत कळलीच, असं मला वाटलं.

नंतर मात्र एक गोष्ट मला कोड्यात टाकू लागली. पूर्वी ठमाबाई माझा काटा नजरेने बघायची. आता ती अंगठ्याने चाचपू लागली. वजनं उचलायची तीही अंगठ्याने कडा घासून. टोमॅटो दाबून बघायची, नाकाशी न्यायची. मी विचार करू लागले, ही असं का करते? आणि ब्रूनाच्या पुड्यांत काय जातंय, ते मला दोन्ही पारड्यांतून दिसत होतं. आजच्या टोमॅटोंत हिरवे जात होते. वांग्यांना बारीक भोकं होती, जी बोटांना लागत नाहीत.

तेव्हा मला कळलं. मला परत घेतलं ते मी खरी म्हणून नाही. तिला ते लाल आकडे दिसत नव्हते म्हणून.

आणि हे फक्त मलाच कळलं होतं असं नाही. एकदा ठमाबाई पाणी आणायला नळाकडे गेली तेव्हा तिची सून पूजा माल उतरवत होती. खलीलभाई हळूच म्हणाले, "पूजा, परवा रस्ता ओलांडताना रिक्षावाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचली. मी धावलो. तर मलाच विचारते, कोन?"

"ठाऊक आहे मला."

"मग बोल ना तिला. मोतीबिंदूच असणार. आजकाल छोटं काम असतं. माझ्या नसीमचं झालं की, दोन दिवसांत भाकरी थापायला लागली."

"मी कशी बोलू, चाचा? मी बोलले की म्हणतील, सुनेचा जागेवर डोळा आहे. आणि ह्यांना सांगितलं तर हे उद्यापासून बसणंच बंद करतील. आधी घरी बस, मग बघू दवाखान्याचं. मग आईंचं काय होईल? तुम्ही शेजारी बसता, तुम्ही बोला."

"मी?" खलीलभाईंनी एक लसूण उगीच दोनदा सोलला. "इतके साल झाले बाजूला बसून. कसं सांगू, ठमाबाई, आता तुझ्या हातून नाय होत?"

असं ते. पूजा संध्याकाळी येऊन किडका माल गुपचूप बाजूला करायची. खलीलभाई मोठ्याने बोलून येणाऱ्याचं नाव ठमाबाईला कळवायचे, "ओहो, देशपांडे मॅडम, आज लवकर?" बाकीची गिऱ्हाइकं तर स्वतःच निवडत होती, त्यांचं काही बिघडत नव्हतं. सगळे मिळून इतक्या मायेने झाकत होते, की ठमाबाईला वाटावं, कुणाच्या लक्षातच आलेलं नाही. हातच न लावणारी एकटी ब्रूना तेवढी रोज तो माल घरी नेत होती. ती काही म्हणत नव्हती. "बास," म्हणायची, हसायची, जायची.

मग एकदा ती आली ती न बोलता. नेहमीचं "काय म्हनती?" नाही, काही नाही. अगदी समोर उभी राहिली. ठमाबाई पालेभाजीवर पाणी मारत होती. पाण्याची धार मेथीवरून पुढे सरकली आणि ब्रूनाच्या बुटांवर पडली. पडत राहिली. ब्रूना हलली नाही. ती ठमाबाईच्या डोळ्यांकडे बघत होती, आणि ते डोळे तिच्या पलीकडे कुठेतरी.

खलीलभाई जोरात खोकले. "ब्रूना मॅडम आल्यात, ठमाबाई!"

"आलीस व्हय गं?" ठमाबाई लगेच हसली. "माझं लक्षच नव्हतं."

त्या दिवशी जाताना ब्रूना खलीलभाईंपाशी थांबली. स्वतःच्या डोळ्याला बोट लावलं आणि भुवया उंचावल्या. याला काय म्हणतात?

"डोळा," खलीलभाई म्हणाले, आणि मान खाली घालून लिंबं रचू लागले.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तूंनी गोष्टीच्या शेवटी काहीतरी मागायची पद्धत आहे. कुणी म्हणतं, मला तेल द्या, कुणी म्हणतं, मला भंगारात घालू नका. मला तेल नको. माझं मागणं मी आताच मागून घेते, कारण पुढचं सांगून झाल्यावर माझ्याच्याने बोलवणार नाही. तुम्ही भाजी घ्यायला जाता तेव्हा भेंडी मोडता, दुधीला नख लावता, इतकं निरखून बघता. त्यातली थोडी नजर उरवा, आणि जी माणसं ती भाजी देतात त्यांच्या तोंडाकडे एकदा बघा. आणि काही दिसलं, तर नुसतं मायेने झाकू नका.

दुसऱ्या दिवशी पूजा माल उतरवून नुकतीच उभी राहिली होती. ब्रूना आली. दिवसाच्या पहिल्या विक्रीला आम्ही भवानी म्हणतो. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं तर दिवस वाया जातो, असं ठमाबाई मानते. तिने हौसेने मला उचललं.

"बोल. आजला का उद्याला?"

ब्रूना गोणपाटाच्या कडेला गुडघे टेकून बसली. मग तिने जे कधीच केलं नव्हतं ते केलं. टोमॅटोच्या ढिगात हात घातला. एक लाल उचलला, एक हिरवागार, आणि दोन्ही ठमाबाईच्या तोंडासमोर धरले.

"यातला आजचा कोन्ता?"

ठमाबाईचा हात पुढे आला. ब्रूनाने टोमॅटो मागे घेतले. "हात नाय."

"हात नाय तर काय पायानं सांगू?"

"डोळा."

"मॅडम, जाने दो ना," खलीलभाई म्हणाले. "सकाळी सकाळी..."

"खलीलभाई गप."

"पूजा, हिला काय झालंय बघ गं!" ठमाबाईचा आवाज चढला. "भवानी व्हायचीय माझी अजून. घ्यायचं तर घे म्हनावं, नायतर सरक." आवाज चढला खरा, पण मी तिच्या हातात होते, आणि माझी दोन्ही पारडी एकमेकांवर हळूहळू किणकिणत होती.

ब्रूना सरकली नाही. तिने शब्द जुळवायला वेळ घेतला. इतकं मराठी ती एका दमात आजवर बोलली नव्हती.

"मी किडकं खाती. रोज खाती. चालतं. तू रिक्षाखाली गेली तर, नाय चालत."

पूजाने पदर तोंडाला लावला. खलीलभाई लिंबांकडे बघत राहिले. रस्त्यावरून दूधवाला गेला, शाळेची बस गेली.

ठमाबाईने मान ताठ केली. बोट उचललं आणि समोर रोखलं. "ह्यो. ह्यो आजचा. झालं समाधान?"

बोट हिरव्यावर होतं.

कुणीच काही बोललं नाही. टोमॅटो ठमाबाईला दिसला नव्हता, पण ती शांतता तिला चांगली ऐकू आली. तिचं बोट हळूहळू खाली आलं. तिने मला मांडीवर ठेवलं, साखळ्या आवाज न होऊ देता एकावर एक. मग मोकळा झालेला हात बाजूला हवेत फिरवला. पूजा जवळ येऊन बसलीच होती. हाताला तिचा हात लागला.

"पूजा," ठमाबाई म्हणाली, "मला दिसत नाय गं."